बोस्नियाच्या वाटेवर : बेत प्रवासाचा, अभ्यास इतिहासाचा

आपल्या समाजाला प्रवास नवा नाही. हज व उमरा यांसाठी, व्यापारासाठी, जहाजावरील नोकरीसाठी आणि गेल्या पन्नास वर्षांत आखाती देशांतील रोजगारासाठी आपली माणसे दूरदूर गेली व जात आहेत. कोकणातील एखाद्या लहानशा गावात गेलात तरी अर्ध्या जगाची बंदरे पाहून आलेला एखादा वृद्ध खलाशी भेटतो. परंतु केवळ पाहण्यासाठी, समजून घेण्यासाठी आणि मुलांना शिकविण्यासाठी प्रवास करावा, ही सवय मात्र अजून आपल्या घरांत म्हणावी तशी रुजलेली नाही. चार पैसे गाठीला जमले आणि युरोपचा विचार मनात आलाच, तर लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंड यांच्यापुढे आपली कल्पना जात नाही.

पृथ्वीवर हिंडावे व पूर्वी होऊन गेलेल्या लोकांचा शेवट कसा झाला ते पाहावे, अशी शिकवण कुरआन शरीफमध्ये अनेक ठिकाणी आली आहे. याचा अर्थ प्रवास हा इतिहासाच्या अभ्यासाचाच एक भाग आहे. या दृष्टीने युरोपातील एका लहान, डोंगराळ आणि आपल्याकडे फारशा परिचित नसलेल्या देशाच्या प्रवासाचा बेत वाचकांपुढे ठेवीत आहे. तो देश म्हणजे बोस्निया-हर्झगोविना. प्रत्यक्ष जाणे ज्यांना शक्य होईल त्यांनी जरूर जावे. ज्यांना शक्य नाही त्यांनी नकाशा समोर ठेवून हा लेख वाचावा, म्हणजे निम्मा प्रवास घरबसल्या घडेल.

आपल्या आधी गेलेले

मुंबई व कोकण यांचा युरोपच्या त्या कोपऱ्याशी काही संबंध असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु तो आहे. मुरुड-जंजिरा संस्थानच्या नाझली रफिया बेगम यांनी १९०८ साली नवाब सिदी अहमद खान व आपल्या भगिनी अतिया फैजी यांच्यासह युरोपचा व इस्तंबूलचा प्रवास केला आणि त्याची रोजनिशी ‘सैर-ए-यूरोप’ या नावाने उर्दूत प्रसिद्ध झाली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोकणातील एक मुस्लिम स्त्री युरोप पाहते आणि जे पाहिले ते लिहून ठेवते, ही गोष्ट आपल्या मुलींना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्याच १९०८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया आपल्या साम्राज्यात सामील करून घेतल्याचे जाहीर केले होते.

चार वर्षांनी बाल्कन युद्ध भडकले. जखमी तुर्की सैनिकांची शुश्रूषा करण्यासाठी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक १९१२ च्या डिसेंबर महिन्यात आपल्या मुंबई बंदरातूनच निघाले. देशभरातून गोळा झालेल्या वर्गणीवर हे पथक उभे राहिले होते. त्यात डॉक्टरांबरोबर शिक्षण घेत असलेले काही तरुणही होते. इस्तंबूल व आसपासच्या इस्पितळांत काम करून १९१३ च्या जुलैमध्ये ते परत आले.

तिसरा संबंध अगदी अलीकडचा आहे. युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाने तेथे शांतिसेना पाठविली. तिचे पहिले सेनापती होते भारताचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून पुढे आलेले अधिकारी. मार्च १९९२ ते मार्च १९९३ हे वर्ष त्यांनी त्या अवघड जबाबदारीत काढले. त्यांचे मुख्यालय आरंभी सारायेव्हो येथेच होते, परंतु लढाईमुळे काही आठवड्यांतच ते तेथून हलवावे लागले.

एक बेगम लिहिण्याची हौस घेऊन गेली, एक पथक सेवेची तळमळ घेऊन गेले, एक सेनानी शांततेचे काम घेऊन गेला. आपण जायचे ते शिकण्यासाठी.

देश आणि माणसे

नकाशात इटलीच्या पूर्वेला एड्रियाटिक समुद्र दिसेल. त्याच्या पलीकडे क्रोएशिया, सर्बिया व माँटेनेग्रो यांच्यामध्ये बोस्निया-हर्झगोविना वसला आहे. क्षेत्रफळ सुमारे ५१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा साधारण सहावा हिस्सा. २०१३ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे ३५ लाख. एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्यात २०११ साली ९३ लाखांवर माणसे राहत होती, हे लक्षात घेतले म्हणजे तो देश किती लहान आहे याची कल्पना येईल. समुद्रकिनारा नेउम या गावाजवळ जेमतेम २० किलोमीटरचा. बाकी सारा मुलूख डोंगर, दऱ्या, जंगल आणि वेगाने धावणाऱ्या नद्या यांचा. सर्वांत उंच शिखर माग्लिच, उंची २,३८६ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे.

लोकसंख्येत निम्मे बोस्नियाक, म्हणजे बहुतांशी मुसलमान. सुमारे ३१ टक्के सर्ब, ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. सुमारे १५ टक्के क्रोएट, ते कॅथलिक. तिघांचीही भाषा जवळजवळ एकच आहे. नाव मात्र प्रत्येक जण वेगळे देतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बोस्नियातील मुसलमान हे तुर्कस्तानातून येऊन स्थायिक झालेले तुर्क नव्हेत. ते त्याच मातीतले स्लाव वंशाचे लोक आहेत. १४६३ साली सुलतान मुहम्मद फातिहने बोस्निया जिंकला आणि त्यानंतर काही पिढ्यांच्या काळात तेथील पुष्कळ लोकांनी इस्लाम स्वीकारला. भाषा त्यांनी आपलीच ठेवली. आपण कोकणी-मराठी बोलतो व तरीही मुसलमान आहोत, तसेच हे आहे. त्याच १४६३ साली फातिहने तेथील फ्रान्सिस्कन ख्रिस्ती धर्मगुरूंना त्यांच्या मठांच्या व जीविताच्या संरक्षणाची सनद दिली. फोयनित्सा येथील मठात ती जपून ठेवली आहे.

बेताची तयारी

आता व्यवहाराच्या गोष्टी. बोस्निया युरोपीय संघाचा सदस्य नाही आणि शेंगेन व्यवस्थेतही नाही. त्यामुळे व्हिसाचे नियम वेगळे आहेत व ते बदलत असतात. दिल्लीतील त्यांच्या वकिलातीकडून खात्री करून घेतल्याशिवाय तिकिटाला पैसे घालू नयेत. मुंबईहून जाताना सामान्यतः इस्तंबूल किंवा एखाद्या आखाती शहरात विमान बदलावे लागते. इस्तंबूलमार्गे गेल्यास दोन दिवस तेथे थांबून सुलेमानिया मशीद पाहावी, म्हणजे पुढे बोस्नियात जे दिसेल त्याचे मूळ समजेल.

तेथील चलनाला परिवर्तनीय मार्क म्हणतात. त्याचा भाव युरोशी बांधलेला असून एका युरोला दोन मार्कांहून किंचित कमी मिळतात. जाण्यास मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. हिवाळ्यात बर्फ पडते आणि आपल्यासारख्या दमट हवेत वाढलेल्या माणसांना ते सोसत नाही. उन्हाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. खाण्याचा प्रश्न येत नाही, कारण हलाल मांस सहज मिळते. तेथील मुसलमान हनफी आहेत. आपल्या कोकणी बिरादरीत बहुतेक शाफई असल्याने नमाजमध्ये थोडा फरक दिसेल, एवढेच.

एक सूचना फार महत्त्वाची आहे. युद्धात पेरलेले सुरुंग अजून काही डोंगरभागांत शिल्लक आहेत. तेव्हा आखून दिलेली पायवाट सोडून रानात शिरू नये आणि धोक्याच्या पाट्या काटेकोरपणे पाळाव्यात. मुलांना हे निघण्यापूर्वीच समजावून सांगावे.

भाषेची फार धास्ती घेण्याचे कारण नाही. तुर्की अमलात शेकडो शब्द तेथे रुजले आणि त्यांतले कितीतरी आपल्याही ओळखीचे आहेत. दुकानाला ते दुचान म्हणतात, मोहल्ल्याला महाला, साबणाला सापुन, साखरेला शेचेर, खिशाला जेप आणि चहाला चाय. विद्यार्थ्यांनी अशा शब्दांची एक वही करावी. भाषा कशा प्रवास करतात, याचा एवढा गोड धडा पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

पहिला मुक्काम : सारायेव्हो

राजधानी सारायेव्हो मिल्याट्स्का नदीच्या अरुंद खोऱ्यात वसली आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर आणि त्या उतारांवर वरवर चढत गेलेली घरे. आपल्या भांडुप पश्चिमेला टेंभीपाडा, खिंडीपाड्याकडे डोंगराच्या अंगावर वस्ती चढत गेलेली आपण रोज पाहतो. असे उतार, असे जिने, अशा गल्ल्या आणि मधूनच दिसणारा मिनार हे दृश्य भांडुपच्या माणसाला अगदीच परके वाटणार नाही. फरक हवेचा, कौलांचा आणि बर्फाचा.

ईसा-बेग इसाकोविच या सरदाराने पंधराव्या शतकाच्या मध्यावर येथे मशीद, पूल, हमामखाना आणि सराई बांधून त्या वक्फ केल्या. त्या वक्फभोवती शहर वाढले. परंतु सारायेव्होचा खरा शिल्पकार म्हणजे गाझी हुसरेव-बेग. आपण त्याला खुस्रो बेग म्हणू. तो सुलतान बायजीद दुसरा याच्या मुलीचा मुलगा, आणि पित्याकडून हर्झगोविनाचा. १५२१ साली तो बोस्नियाचा सुभेदार झाला आणि मधला काही काळ वगळता १५४१ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. १५३१ च्या सुमारास त्याने जी मोठी मशीद बांधली ती आजही शहराच्या मध्यभागी उभी आहे. तिच्या भोवती त्याने बाजार, सराई, गोरगरिबांसाठी अन्नछत्र आणि पाण्याची व्यवस्था केली.

मशिदीसमोर त्याने १५३७ साली मदरसा बांधला. त्या मदरशाच्या वक्फनाम्यात दोन गोष्टी अशा आहेत की आपल्यासारख्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने त्या विचारात घ्याव्यात. पहिली अशी की, तेथे तफसीर, हदीस, फिकह इत्यादी विषय तर शिकवावेतच, पण त्याखेरीज काळाला व स्थळाला अनुसरून जे ज्ञान आवश्यक असेल तेही शिकवावे. दुसरी अशी की, इमारतीच्या खर्चातून जो पैसा उरेल त्यातून चांगली पुस्तके विकत घ्यावीत, म्हणजे विद्यार्थ्यांना वाचता येतील आणि अभ्यासकांना नक्कल करून घेता येईल. आपल्याकडे इमारत पुरी होते तेव्हा पैसा उरत नाही आणि उरलाच तर कमानीवर रोषणाई होते. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या सुभेदाराने उरलेल्या पैशाची आधीच वाट लावून दिली होती, आणि ती वाट पुस्तकांकडे जात होती.

त्या उरलेल्या पैशातून गाझी हुसरेव-बेग ग्रंथालयाचा जन्म झाला. तुर्की साम्राज्य गेले, १८७८ साली ऑस्ट्रिया-हंगेरी आली, तीही १९१८ साली गेली, युगोस्लाव राजे आले नि गेले, साम्यवादी राजवट आली नि गेली. मदरसा आणि ग्रंथालय मात्र चालू आहेत. ग्रंथालयात सुमारे दहा हजार अरबी, तुर्की, फारसी व बोस्नियन हस्तलिखिते आहेत. इमाम गझालींच्या ‘इह्या’ची त्यांच्या हयातीत, ११०५ साली केलेली नक्कल त्यांत आहे. मदरशात आज मुलांबरोबर मुलीही शिकतात.

या शहरात काही पावलांच्या अंतरावर मशीद, ऑर्थोडॉक्स चर्च, कॅथलिक कॅथीड्रल आणि ज्यूंचे सिनेगॉग आहे. १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू तुर्की साम्राज्यात आश्रयाला आले, त्यांपैकी काही पुढे सारायेव्होत वसले. त्यांच्याबरोबर आलेला ‘सारायेव्हो हग्गादा’ नावाचा चौदाव्या शतकातील सचित्र ज्यू धर्मग्रंथ तेथील संग्रहालयात आहे. १९४२ साली नाझी अधिकारी तो मागण्यास आले, तेव्हा संग्रहालयाचे मुस्लिम ग्रंथपाल दर्विश कोर्कुत यांनी जीव धोक्यात घालून तो ग्रंथ बाहेर काढला व लपविला. एका ज्यू मुलीलाही त्यांनी आपल्या घरी आसरा दिला. दुसऱ्याच्या धर्मग्रंथासाठी एक मुस्लिम ग्रंथपाल मृत्यूच्या दारात उभा राहतो, हे आपल्या मुलांनी ऐकले पाहिजे.

विद्यार्थ्यांनी ट्रामही पाहावी. सारायेव्होत विजेची ट्राम १८९५ साली धावू लागली. मुंबईत ती १९०७ साली आली. पहिल्या महायुद्धाचे निमित्त ठरलेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून २८ जून १९१४ रोजी ज्या पुलाजवळ झाला, तो पूलही येथेच आहे.

वेढा आणि पुस्तके

१९८४ साली हिवाळी ऑलिंपिकचे खेळाडू सारायेव्होच्या ज्या डोंगरांवर जमले होते, त्याच डोंगरांवर आठ वर्षांनी तोफा चढल्या. १९९२ च्या मार्चमध्ये बोस्नियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि एप्रिलमध्ये सर्ब फौजांनी राजधानीला वेढा घातला. तो १,४२५ दिवस चालला. पाणी, वीज, इंधन, अन्न सारे तोडले गेले. लोक भांडी घेऊन झऱ्यावर रांगा लावीत आणि त्या रांगांवर तोफगोळे पडत. मुंबईच्या फार मोठ्या भागाचे पाणी ज्या भांडुपात शुद्ध होते तेथे राहणाऱ्यांनी, घरातील नळ जवळजवळ चार वर्षे बंद पडला तर काय होईल, याची क्षणभर कल्पना करून पाहावी. अशाही स्थितीत शिक्षकांनी शाळा सोडल्या नाहीत. तळघरांत, जिन्यांखाली, गोळ्यांच्या टप्प्याबाहेर जेथे जागा मिळेल तेथे वर्ग भरले.

तोफांचे तोंड पुस्तकांकडेही वळले. मे १९९२ मध्ये पौर्वात्य विद्यासंस्था जळाली आणि तिच्यातील पाच हजारांवर हस्तलिखिते नष्ट झाली. २५ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय ग्रंथालयाची देखणी इमारत पेटविली गेली. नागरिकांनी व ग्रंथपालांनी साखळी करून मिळतील तेवढी पुस्तके बाहेर काढली, तरी बहुतेक संग्रह जळून गेला. काम संपवून घरी परतणारी एक तरुण ग्रंथपाल त्या वेळी तोफगोळ्याने मारली गेली. ती इमारत पुन्हा बांधून मे २०१४ मध्ये उघडण्यात आली.

गाझी हुसरेव-बेगची हस्तलिखिते मात्र वाचली. संचालक मुस्तफा याहिच आणि त्यांचे मोजके सहकारी यांनी ती केळ्यांच्या खोक्यांत भरली आणि गोळ्यांचा मारा चालू असताना खांद्यावरून एका जागेतून दुसऱ्या जागेत नेली. युद्धाच्या काळात असे अनेकदा करावे लागले. त्यांच्याबरोबर सफाईचे काम करणारी स्त्री होती, आफ्रिकेतील कांगो देशातून शिकायला आलेला व पुढे रात्रीचा पहारेकरी झालेला एक गृहस्थ होता. त्यांत सैनिक कोणी नव्हता. २०१४ साली ग्रंथालयाची नवी इमारत उभी राहिली. सारायेव्होत गेल्यावर प्रथम तेथे जावे.

दुसरा मुक्काम : मोस्तार

सारायेव्होहून मोस्तारला आगगाडीने जावे. सुमारे दोन तासांचा हा मार्ग नेरेत्वा नदीच्या घळीतून, बोगद्यांतून व पुलांवरून जातो. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या मार्गाने धावली त्याच मार्गावर आपले भांडुप आहे, आणि १८६३ साली बोरघाट फोडून तोच मार्ग पुढे दख्खनला भिडला. बोस्नियाच्या डोंगरातील हा मार्ग प्रथम १८९१ साली पुरा झाला, तेव्हा इवान खिंडीत दातेरी रूळ घालून इंजिन वर चढवावे लागले होते.

मोस्तार म्हणजे पुलाचे गाव. वास्तुविशारद मिमार हैरुद्दीन याने १५६६ साली पुरा केलेला हा दगडी पूल एकाच कमानीचा असून नदीच्या पात्रावर सुमारे २९ मीटर पसरला आहे. आपल्याकडे १५६५ साली तालिकोटची लढाई होऊन विजयनगरचे राज्य कोसळले, तेव्हा तिकडे ही कमान दगडादगडाने उभी राहत होती. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट फौजेच्या तोफांनी तो पूल पाडला. ज्याने सव्वाचारशे वर्षे ऊन, पूर आणि भूकंप सोसले, तो माणसांच्या द्वेषापुढे टिकला नाही. पुढे अनेक देशांच्या मदतीने, जुन्या पद्धतीने दगड घडवून तो पुन्हा बांधला गेला आणि २३ जुलै २००४ रोजी खुला झाला. २००५ पासून तो जागतिक वारसा आहे.

पूल बांधला म्हणजे मने जोडली गेली असे मात्र समजू नये. युद्धानंतर बोस्नियाच्या काही भागांत ‘एका छपराखाली दोन शाळा’ ही पद्धत आली. इमारत एक, पण बोस्नियाक मुले वेगळ्या वर्गात आणि क्रोएट मुले वेगळ्या वर्गात. पुस्तके वेगळी, इतिहास वेगळा, कित्येक ठिकाणी दारेही वेगळी. आजही काही गावांत हे चालू आहे. कमान पुन्हा बांधण्यास तीन वर्षे पुरली. ज्या मुलांना वेगवेगळा इतिहास शिकविला गेला, त्यांना एकत्र आणण्यास किती वर्षे लागतील ते कोणी सांगू शकत नाही.

तिसरा मुक्काम : विशेग्राद आणि स्रेब्रेनित्सा

पूर्वेकडे द्रिना नदीवर विशेग्रादचा पूल आहे. महान वास्तुविशारद मिमार सिनान याचे हे काम. अकरा कमानींचा, सुमारे १८० मीटर लांबीचा हा पूल १५७७ च्या सुमारास पुरा झाला. बांधविणारा मेहमेद पाशा सोकोलोविच हा त्याच परिसरातील सर्ब ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा. लहानपणी त्याला तुर्की पद्धतीप्रमाणे सक्तीने राजधानीत नेले गेले, आणि तो पुढे साम्राज्याचा वजीर झाला. आपल्या जन्मभूमीला त्याने पूल दिला. या पुलाला नायक करून इव्हो आंद्रिच यांनी कादंबरी लिहिली. त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९९२ साली मात्र याच पुलावर विशेग्रादच्या मुसलमान रहिवाशांची हत्या झाली.

तेथून पुढे स्रेब्रेनित्सा. संयुक्त राष्ट्रसंघाने सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या या गावात जुलै १९९५ मध्ये सर्ब फौजा शिरल्या व आठ हजारांवर मुसलमान पुरुष आणि मुले ठार करण्यात आली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ साली या कृत्याला वंशसंहार ठरविले. पोटोचारी येथे पांढऱ्या कबरफरशांची रांग डोंगरापर्यंत गेली आहे. तेथे जाऊन फातिहा पढावी आणि गप्प राहावे. लहान मुलांना नेण्यापूर्वी पालकांनी विचार करावा, पण मोठ्या मुलांना अवश्य न्यावे.

परंतु तेथून द्वेष घेऊन परत येऊ नये. युद्धात सर्व बाजूंकडून गुन्हे घडले आणि सर्व बाजूंना शेजाऱ्याला वाचविणारी माणसेही होती. सारायेव्होच्या बचावसेनेत योवान दिव्याक नावाचे सेनापती होते. ते जन्माने सर्ब. आपल्या शहराला सोडून ते गेले नाहीत. १९९४ साली, वेढा चालू असतानाच, त्यांनी युद्धात पोरक्या झालेल्या मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, तिचे नावच ‘शिक्षण बोस्निया-हर्झगोविना घडविते’ असे होते. कोणत्या धर्माचे मूल आहे हे न पाहता तिने शिष्यवृत्त्या दिल्या. २०२१ साली ते वारले तेव्हा सर्व समाजांतील सामान्य माणसांनी त्यांच्यासाठी अश्रू ढाळले.

ज्यांना एवढे दूर जाणे जमणार नाही

खर्चाचा प्रश्न खरा आहे. प्रत्येक घराला विमानाचे भाडे परवडणार नाही. त्यांनी बीदरला जावे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने १४७२ साली तेथे मदरसा बांधला. गाझी हुसरेव-बेगच्या मदरशाहून तो पासष्ट वर्षांनी जुना आहे. महमूद गावान स्वतः विद्वान होता आणि मदरशातील त्याच्या ग्रंथसंग्रहाचा मोठा लौकिक होता. १४८१ साली खोट्या आरोपावरून त्याला ठार मारण्यात आले. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या साठ्याच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. एका मिनारावरची निळी-हिरवी कौले आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. पण आत पुस्तक नाही आणि विद्यार्थीही नाही.

बीदर आणि सारायेव्हो येथील दोन्ही मदरसे जवळजवळ एकाच काळातले, आणि दोघांचेही संस्थापक सत्तेच्या उच्च पदावरचे. सारायेव्होवर बीदरपेक्षा कमी संकटे आली असे नाही. मग एक चालू का राहिला आणि एक ओस का पडला? याची कारणे अनेक आहेत, पण एक स्पष्ट दिसते. सारायेव्होत वक्फचे उत्पन्न, शिक्षक, ग्रंथ आणि त्यांची काळजी घेणारी माणसे यांची साखळी पिढ्यानपिढ्या तुटू दिली गेली नाही. बीदरमध्ये ज्याच्या जिवावर सारे उभे होते तो वजीर गेला, आणि पुढे ज्या जागी पुस्तके होती त्या जागी दारू भरली गेली.

आपल्या मुंबईत १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी, कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मुहम्मद अली रोगे आदी मंडळींनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली, तेव्हा त्यांच्यासमोरही हाच प्रश्न होता. समाजाला एक इमारत द्यायची नव्हती, तर पिढ्यांमागून पिढ्या चालेल अशी व्यवस्था द्यायची होती. उपनगरांतून आज ज्या लहानमोठ्या शिक्षणसंस्था काम करीत आहेत, त्या याच वाटेवर चालत आहेत.

पालकांना एक सुचवावेसे वाटते. प्रवासाचा बेत करताना मुलांना नुसते बरोबर नेऊ नका, बेतात सामील करून घ्या. एकाने नकाशा काढावा, एकीने खर्चाचा हिशेब मांडावा, एकाने इतिहासाचे टिपण करावे, आणि परत आल्यावर नाझली बेगमप्रमाणे प्रत्येकाने काही तरी लिहून काढावे. वर्षभर चाललेली अशी तयारी प्रवासाइतकीच मोलाची ठरेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेतील ग्रंथालयाचे कपाट एकदा उघडून पाहा. त्यातील पुस्तके कोणी दिली, कोणी जपली, शेवटची कधी वाचली गेली, याची नोंद करा. फाटली असतील ती शिवा, नसतील ती मागा. संस्थाचालकांनीही पुढच्या बांधकामाचा अंदाज करताना पुस्तकांसाठी एक रक्कम पहिल्याच पानावर लिहून ठेवावी, शेवटच्या पानापर्यंत थांबू नये. सारायेव्होचे ग्रंथालय एका सुभेदाराच्या वक्फनाम्यातून सुरू झाले आणि केळ्यांची खोकी वाहणाऱ्या साध्या माणसांनी ते वाचविले. दोन्ही कामे आपल्या आवाक्यातली आहेत.